डाग कोणाचा

“पटनार नाही तुमाले, पन या मशीनच्या पोटातून म्या जिती पाल काढली होती,” कडूबा म्हणाला. “अंडे घालून बसली होती आत. तिच्या पिल्लाईनं रंग चाटले. तवापासून हा डाग.”

तेरवीला जमलेल्या माणसांपैकी दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. उत्तमरावांचं कापसाचं गोदाम श्रावणात रिकामंच असतं. त्याची दारं लावून, खिडक्यांना पोती अडकवून भरदुपारी अंधार केलेला. समोर पांढरी चादर ताणलेली. चादरीवर नुसता उजेड पडला होता, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात हळदीचा हात पुसावा तसा पिवळा डाग.

कडूबाचा प्रोजेक्टर मलकापूरच्या एका बंद पडलेल्या शिकवणीतून आलेला. डागाचं कारण म्हणून कडूबानं आजवर वीज, माकड आणि पाल सांगून झाली होती. खरं कारण त्याला ठाऊक होतं. आतली निळ्या रंगाची काच तापून तापून जळत आली होती, आणि निळा कमी पडला की पांढरं पिवळं दिसतं. पण एवढ्याशा कारणात गोष्ट कुठली?

“भाऊ,” पहिल्या रांगेतून अंबूबाई म्हणाली, “माह्या पोरीच्या तोंडावर तं नाही येनार न हा?”

अंबूबाई अनुपमाची आई. नागपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी अनुपमाचा विहिरीवर पाय घसरला, असा सासरहून फोन गेला. अंबूबाई मलकापुराहून पोचली तेव्हा सरण पेटलेलं होतं. लेकीचं तोंड तिनं पाहिलंच नव्हतं. धाकटी छकुली ताईचे फोटो आणि व्हिडिओ पेन ड्राइव्हवर भरून घेऊन आली, म्हणून तरी अंबूबाई आज लेकीच्या सासरच्या या उंबऱ्यात आली होती.

कडूबा उठला. “या माय, दाखवतो,” तो म्हणाला. “डाग कोनाचा, हे वळखाची एकच रीत हाय. आधी चादर हालवा.”

अंबूबाईनं चादर ओढली. चादर सरकली, डाग जागेवरच.

“म्हंजे चादरीचा नाही. आता पाहा.” त्यानं मशीन हातभर फिरवली. डाग भिंतीवर गेला. “मशीनसंग सरकला, म्हंजे मशीनचा. ज्याच्यासंग सरकते, त्याचा. डाग कधी लबाड बोलत नाही, माय. मी बोलतो.” त्यानं मशीन अशी तिरपी लावली, की तो कोपराच चादरीबाहेर पडला. “आता तुमच्या पोरीचं तोंड साफ दिसन. माहा शब्द.”

चादरीवर अनुपमा आली. शाळेच्या गणवेशातली, मग दहावीच्या निकालाचा पेढा तोंडात कोंबलेली, मग मुंडावळ्यांतली. प्रत्येक फोटोला अंबूबाईचे ओठ हलत होते. शेवटी व्हिडिओ लागला. नागपंचमीचा, लिंबाच्या झोक्यावरचा. अनुपमानंच तो छकुलीला पाठवला होता. मोबाईलवर तिचं तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं दिसायचं. इथं ते सुपाएवढं झालं.

झोका वर गेला. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागे पडला. कानाखालून जबड्यापर्यंत काळंनिळं. कडेला हिरवट. चार बोटं मोजता यावीत असं.

अंबूबाई पुढे वाकली.

“ओ कडूबाकाका,” अनुपमाचा नवरा कुलदीप दाराजवळून म्हणाला, “मशीन गेली न तुमची?”

कडूबानं मान वळवली. कुलदीपशेजारी त्याचे वडील उत्तमराव उभे होते. गावातली लग्नं, सभा, गणपती, सगळं त्यांच्या शब्दावर ठरायचं. ते नुसते कडूबाकडे पाहत राहिले.

वीस वर्षांत कडूबानं आपल्या मशीनला वाईट म्हटलं नव्हतं. लग्नात नवरी हिरवी दिसली, तेव्हासुद्धा त्यानं नवरीलाच पित्त झालं म्हणून सांगितलं होतं.

“गेली,” तो म्हणाला. “निळा रंग फुटला आतून. पटनार नाही तुमाले, पन संग्रामपूरच्या एका लग्नात अस्साच फुटला होता. वऱ्हाडातली सारी मानसं निळी. भटजी निळा, घोडा निळा. सोयरे म्हनत, घोडा बदलला…”

कोणीतरी खुदकन हसलं. कुणी मोकळा श्वास घेतला. पंगतीचं काय झालं, असंही एकानं विचारलं. छकुली खाली मान घालून रडत होती. कडूबाचा हात मशीन बंद करायच्या बटणाकडे गेला.

“राहू द्या,” अंबूबाई म्हणाली.

ती उठली आणि चादरीजवळ गेली. तिची सावली लेकीच्या पायांवर पडली. तिनं चादर ओढली. डाग चादरीसंगं सरकला नाही. मग झोका खाली आला तेव्हा तिनं त्या काळ्यानिळ्यावर बोट टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं. झोका वर गेला. बोटाखाली लिंबाचा पाला उरला. झोका खाली आला, तोंड बोटाखाली आलं, डागही आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. गोदामातली सगळी माणसं त्या बोटाकडे पाहत होती. दाराजवळ कुलदीप कडी चाचपत होता.

अंबूबाईनं बोट काढलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

“लबाड बोलले तुमी, कडूबा भाऊ,” ती म्हणाली. “हा तं माह्या पोरीसंग सरकून राह्यला.”