रान चूप होते तेव्हा

छप्पन सालचा हिवाळा. वडशाच्या नाटकमंडळीत बासरी वाजवायला मिळावी म्हणून लटारू रोज सकाळी तलावाच्या पाळीवर बसून सरगम घोटायचा. बाकीचे सूर जमले होते, कोमल रे तेवढा हुकायचा. मागच्या जंगलातली वानरं आणि मोर त्याला जुमानत नसत, त्यांचा कालवा चालूच.

मंडळीचे बापूजी मास्तर म्हणाले होते, "कोमल रे खरा लागला नं, तं सारं रान चूप होते. तवा डोये उघडू नोको, सूर सोडू नोको." मास्तरांचा जन्म गेला वडशाच्या पेठेत.

त्या सकाळी लटारूनं डोळे मिटून कोमल रे धरला. झाडावर एक वानर खेकसलं. मग मोर गप्प झाले, वानरं गप्प झाली, पान हलेना. लागला, असं वाटून लटारूच्या अंगावर काटा आला. त्यानं सूर आणखी लांबवला.

 

पलीकडच्या काठावर जाळं ओढणाऱ्या त्याच्या बायकोला, गुणाबाईला, त्याच्या पाठीमागच्या गवतात पिवळे-काळे पट्टे सरकताना दिसले, आणि बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली.