जाळीआडून

"ऑगस्टमध्ये या घरांच्या भट्ट्या होतात, पोरी. पोराबाळांकडे बघतेस तशी विटांकडेही बघत जा. विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्री घरात ओकतात." समोरच्या घरातल्या मिस स्टेलांनी जूनमध्येच बजावलं होतं. रोंडा तेव्हा हसली होती. म्हातारीला झुळकीतही निमोनिया दिसायचा.

आता ऑगस्ट होता. बाल्टिमोरच्या बंदराकडून वाऱ्याचं नाव नव्हतं. रोंडा दारातल्या संगमरवरी पायरीवर सावली धरून बसली होती. मांडीवर तान्ही केसी, हातात ओलं फडकं. मानेखाली हात घालून बघायचं, छाती वरखाली होतेय ना ते बघायचं, पुन्हा फडकं फिरवायचं. मधूनच मान वर करून समोरच्या खिडकीला हात करायचा.

त्या खिडकीच्या जाळीवर लाल छपराचं घर रंगवलेलं होतं. पुढे तळं, तळ्यात दोन हंस. गल्लीतल्या बहुतेक खिडक्यांना असंच काहीतरी. घरं रस्त्याला इतकी चिकटलेली, की चित्र नसेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्या ताटातलं दिसावं. चित्र असलं की आतल्याला सगळा रस्ता दिसतो, बाहेरच्याला फक्त हंस. म्हणून आमच्याकडे चित्रालाच हात करायची रीत. आतून उत्तर आलंच पाहिजे असं नाही. माणूस आहे, बघतंय, एवढं धरून चालायचं.

कोपऱ्यावरून मिस स्टेलांच्या शेजारचे मिस्टर लेस्टर आले. दोन्ही हातांत कागदी पेल्यांतले, लाल पाक घातलेले बर्फाचे गोळे, त्यावर मार्शमेलोच्या गोड फेसाचा पांढरा थर. एक आपला, एक मिस स्टेलांचा. ते रोंडाशेजारी टेकले आणि उन्हाकडे बघत बोलत राहिले. अशाच उन्हाळ्यात धक्क्याला टोमॅटोच्या होड्या लागायच्या. टोमॅटो डब्यात भरणाऱ्या कारखान्याचा भोंगा झाला की गल्लीतल्या बायका आपापली सुरी घेऊन निघायच्या, त्यात मिस स्टेला सगळ्यांत पुढे. संध्याकाळी त्यांचे हात कोपरापर्यंत लाल. वारा फिरला की मसाल्याच्या कारखान्यातली दालचिनी अख्ख्या बंदरावर पसरायची, वाळत घातलेल्या चादरींना तोच वास. ते स्वतः केळ्यांच्या बोटी उतरवत. घडात कोळी निघाला की तो डब्यात घालून मिस स्टेलांच्या पायरीवर ठेवत आणि किंकाळीची वाट बघत.

"ती कधी किंचाळली नाही," ते म्हणाले. "डबा परत आणून द्यायची. रिकामा. कोळी कुठे सोडला ते सांगायची नाही. आठवडाभर मी बूट झटकून घालायचो."

रोंडा हसली. तिने मिस स्टेलांचा गोळा घेतला आणि खिडकीकडे उंच धरला. रोज असं केलं की आतून आवाज यायचा, मार्शमेलोत कंजुषी केलीय त्या माणसाने, परत पाठव.

आज आवाज आला नाही.

"मिस स्टेला, वितळतोय हं," रोंडाने हाक मारली.

हंस तसेच.

"झोपली असेल," लेस्टर म्हणाले.

"गोळा दिसल्यावर?"

ती उठली तसे त्यांनी भुवया चढवल्या. जाळीला नाक लावणं म्हणजे दुसऱ्याच्या अंथरुणात डोकावणं. जन्मभर शेजारी राहिलो, आपण कधी असलं केलं नाही, असं ते म्हणेपर्यंत रोंडाने केसीला त्यांच्या मांडीवर दिलंसुद्धा. स्वतःच्या आईच्या हातीही ती पोर देताना दहा सूचना करणारी रोंडा.

रस्ता ओलांडून तिने गोळा खिडकीच्या कठड्यावर ठेवला, दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडांना लावले आणि कपाळ हंसांवर टेकवलं. आधी नुसता काळोख. मग खुर्चीचा पाय दिसला. मग पांढरे केस, खुर्चीच्या बऱ्याच खाली.

"रुग्णवाहिका बोलवा," ती मागे न बघता ओरडली.

गोळा उचलून ती दाराशी धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतली हवा भट्टीचं झाकण उघडावं तशी तोंडावर आली. पंखा तीच गरम हवा घुसळत होता. मिस स्टेला खुर्चीवरून घसरून भिंतीशी अर्धवट बसल्या होत्या, मान खिडकीकडे. अंग कोरडं, तापलेलं. रोंडाने गोळ्यातला बर्फ मुठीत घेऊन त्यांच्या मानेवर दाबला, मनगटांवर चोळला, ओठांवर फिरवला. लाल पाणी त्यांच्या गाऊनवर ओघळलं. किती वेळ झाला कोण जाणे. मग पापण्या हलल्या.

"मिस स्टेला, मी रोंडा. बघा माझ्याकडे."

"सकाळपासून बघतेय तुझ्याकडे." आवाज नव्हताच, नुसता वारा. "किती वेळा हात केलास."

रोंडाने उरलेला बर्फ त्यांच्या कपाळावर धरला.

"मीही करत होते," त्या म्हणाल्या. "दर वेळी."

लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ येत होता. रोंडाने मिस स्टेलांचं डोकं खांद्यावर घेतलं आणि वर पाहिलं. या बाजूने ना घर होतं ना हंस. जाळीपलीकडे तिची स्वतःची पायरी लख्ख दिसत होती. फोन करून आलेले मिस्टर लेस्टर पायरीसमोर उभे होते, आणि केसीचा इवलासा हात धरून या खिडकीला टाटा करायला लावत होते.

तुमच्या समोरही असं कुणी एकटं राहत असेल. ही गोष्ट बाजूला ठेवा आणि आत्ता जाऊन या. रस्त्यावरून हात करू नका. दार वाजवा, आवाज ऐकून या.