पाखऱ्याचा खुराक

“आधी माझं सांगा, डॉक्टरीणबाई,” रखमाजी खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. “हिचं मागनं बघू. ही आपली सोबतीला आलीया.”

शिनोलीच्या शाळेत तपासणीचा कॅम्प होता. म्हातारपणी स्नायू झिजतात, अंगातली ताकद ओसरते. ते रक्तावरून वेळीच ओळखता येतं का, हे बघायला पुण्याच्या डॉक्टर तेजस्विनी गावोगाव फिरत होत्या. मागच्या खेपेला त्यांनी साऱ्या म्हाताऱ्यांचं रक्त घेतलं होतं, हातात यंत्र देऊन मूठ आवळायला लावली होती आणि वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलंही होतं. आज निकाल होता.

रखमाजींना निकालाची घाई झाली होती. कारण त्यांचा मुलगा दादाभाऊ. बैलगाड्यांची शर्यत तोंडावर आली होती आणि पोरानं घरात जाहीर करून टाकलं होतं, “आबा, रक्तात कमजोरी निगाली तर औंदा घाटात बैलाम्होरं उभं ऱ्हायचं न्हाई.” आता घरचा गाडा घाटात, शर्यतीच्या त्या चढावर, पळणार, आणि पाखऱ्या बैलाची वेसण दुसराच कुणी धरणार? मिसरूड फुटल्यापासून गाडा जुंपायचा मान रखमाजींचा. तो चमचाभर रक्तापायी जायचा म्हणजे काय!

तेव्हा त्यांनी तयारी केली होती. तयारी म्हटलं की त्यांना एकच ठाऊक होती, बैलाला घाटासाठी करतात ती. रक्त द्यायच्या आधी महिनाभर त्यांनी सरळ पाखऱ्याचा खुराक सुरू केला. पाखऱ्याला दूध, यांना दूध. पाखऱ्याला अंडी, यांना अंडी. पाखऱ्याला उडदाच्या पिठाचे गोळे, यांनाही तेच, फक्त ताटलीत. पाखऱ्याला डिंभे धरणाच्या पाण्यात पोहायला नेलं की हेही लंगोट लावून त्याच्या मागोमाग पाण्यात. गावाची चांगली करमणूक झाली. गोळे दोघांचेही रखमाजींची बायको धोंडाबाईच मळत. त्या काही बोलल्या नाहीत. तसं त्या कधीच फार बोलत नसत.

डॉक्टरांनी कागद बघितला. “आबा, झकास आहे तुमचं. रक्त चांगलं, मूठ चांगली, चालणंही चांगलं. या वयाला असे स्नायू फार कमी जणांचे असतात.”

रखमाजींनी शेजारी उभ्या मुलाकडे असं बघितलं की जणू गाडा पहिला आला. “बघ! म्हैनाभराच्या खुराकाची करामत हाय ही!”

“महिन्याभरात एवढं होत नसतं, आबा,” डॉक्टर हसल्या. “वर्षानुवर्षं कुणीतरी तुम्हाला नीट खाऊ घातलंय.”

“ही घालती की,” रखमाजींनी मोठ्या मनानं सांगून टाकलं.

डॉक्टर बाकावर बसलेल्या धोंडाबाईंकडे वळल्या. त्यांचं हसू मावळलं होतं. “आजी, तुमचं मात्र ठीक नाही. स्नायू बरेच झिजलेत. रक्त तेच सांगतंय आणि मूठही. असंच चाललं तर एक दिवस अंथरुणातून उठणं मुश्कील होईल.”

“नळ्यांची आदलाबदल झाली आसंल, बाई,” रखमाजी म्हणाले. “ही दिसभर राबती. घरात हिला बसल्याली मी कदी बगितली न्हाई.”

“बसलं की उठाया येत न्हाई,” धोंडाबाई खाली बघत म्हणाल्या. “म्हून बसत न्हाई.”

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. मग डॉक्टरांनी विचारलं, “दूध घेता, आजी? अंडी?”

“अंडी पाखऱ्याला आन् ह्यांना लागत्यात. ऱ्हायल्यालं दूध डेअरीला जातं. मी च्या-भाकर खाती की. पोट भरतं.”

“नुसतं पोट भरून भागत नाही. राबून अंग झिजतं, ते भरून यायला तसं खायला लागतं.” डॉक्टर सांगू लागल्या. रोज दूध. अंडी. डाळ, उसळ. बेताचा व्यायाम आणि त्यानंतर विश्रांती. आणि यातलं काही चुकवायचं नाही.

रखमाजी ऐकत होते आणि त्यांना यातलं सगळं आधीच माहीत होतं. आळ्यापासून घोडेगावापर्यंतचे गाडामालक हेच विचारायला त्यांच्या दारात यायचे. पाखऱ्यानं वैरणीला तोंड लावलं नाही तर यांना घास उतरत नसे. त्याचा पाय जरा जड पडला तरी यांना दुरून कळायचं. कुठे दुखतंय, काय कमी पडतंय, हे नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. आणि घरात बाई उभ्यानं झिजत होती. त्यांना लाज वाटली. चारचौघांत वाटते तसली नव्हे, आतून पोखरणारी. घाटात उभं राहायचा मान आताच मिळाला होता, त्याचीही त्यांना आठवण उरली नाही.

दादाभाऊ आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. रखमाजी खुर्चीतून उठले आणि बायकोपुढं येऊन थांबले.

“आगं, एवढं व्हतं तर बोलायचं न्हाईस व्हय?” त्यांनी विचारलं. “एका शब्दानं कदी बोलली न्हाईस तू.”

धोंडाबाईंनी पदर सावरला, बाकाला धरून त्या हळूहळू उठल्या आणि नवऱ्याकडे बघून हसल्या.

“पाखऱ्या कुटं बोलतो?”