हारूताईचा चेहरा

"हे तुमच्याच इथलं ना?" तोकी कुरामोतोंनी मोबाइल काउंटरवर ठेवला. ठेवला तरी त्यावरचा हात काढला नाही.

मिहो ओबातानं वाकून पाहिलं. तिच्याच इथलं होतं. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेची जुनी नियतकालिकं ग्रंथालयाच्या डिजिटल भांडारात चढवायचं काम तीच सांभाळायची. जगात कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता यावीत म्हणून. पडद्यावर कुष्ठरोगावरचा एक लेख होता, आणि लेखात अकरा वर्षांच्या मुलीचा फोटो. उघडे खांदे, गालावर चट्टे, डोळ्यांवर काळी पट्टी. ओठ घट्ट मिटलेले. खाली मुलीचं नाव नव्हतं. पण गावाचं होतं, आणि बाप कोळसा पाडतो हेही होतं.

नाव नाही, डोळे झाकलेत, मग हरकत काय, म्हणून मिहोनंच हे पान तपासून पुढं सोडलं होतं. गावाच्या नावाकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं.

"आजी, चूक आमची आहे." ती उठून कमरेत वाकली. "आत्ताच्या आत्ता काढते."

"काढायचं मागनं बघू." म्हातारी खुर्चीत टेकली. "ही माझी थोरली बहीण. हारूताई."

गाव कधीच धरणाखाली गेलं होतं. आजींचा नातू गावाचे जुने फोटो शोधायला बसला, तर हे वर आलं.

"हिला नेलं तेव्हा मी चार वर्षांची. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, घरभर औषध फवारलं आणि हिला कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत घेऊन गेली. पुढं ती तिकडंच वारल्याचं कळलं. आईनं घरात नावसुद्धा काढू दिलं नाही. भावांची लग्नं व्हायची होती ना."

"मग ही त्याच, हे कशावरून म्हणता, आजी?" मिहोनं जपून विचारलं.

"कानावरून. आईबाप डोंगरात, आणि मी दिवसभर हिच्या पाठुंगळी. पाठीवरच्या पोराला चेहरा कुठला दिसतोय? कान दिसायचा. कानापुढं तांदळाएवढा मांसाचा दाणा आहे बघा. तो चिमटीत धरून झोपायची मी."

मिहोनं फोटो मोठा केला. दाणा होता.

"तुमच्याकडं एवढी यंत्रं आहेत. ही पट्टी तेवढी बाजूला करा. एकदा बघते, मग खुशाल पुसून टाका."

पट्टी पानावर छापलेलीच आहे, तिच्यामागं काही नाही, असं मिहोला सांगावं लागलं. म्हातारी बरं म्हणाली आणि मोबाइल पिशवीत घालायला लागली. तिचं ते निमूट बरं म्हणणं मिहोला सोसेना. स्कॅनिंगसाठी आलेल्या खोक्यांत लेखांचे मूळ फोटोही होते, ते अजून परत गेले नव्हते.

"बसा जरा," ती म्हणाली, आणि आत जाऊन विभागप्रमुख निशिवाकींना फोन लावला.

"पान काढा, माफी मागा, बसस्टॉपपर्यंत सोडून या," निशिवाकी म्हणाले. "मूळ फोटो मात्र दाखवायचा नाही. अर्ज करू दे, समिती ठरवील."

"आजी ऐंशीच्या घरात आहेत, साहेब."

"म्हणूनच सांगतोय. बघून काही झालं त्यांना, तर निस्तरणार कोण?"

मिहोनं फोन ठेवला. आधी ते पान भांडारातून उतरवलं. मग खोकं उघडलं.

फोटो पोस्टकार्डाएवढा होता. यावरची पट्टी छापलेली नव्हती. काळ्या कागदाची, वरून डकवलेली होती. खळ सुकून तिचे पापुद्रे झाले होते. मिहोनं बांबूची पातळ सळई खाली सरकवली. जुन्या कागदावरचं काही उचकटायचं नाही, हे ती नव्या लोकांना शिकवत आली होती. एक टोक सुटलं, मग दुसरं.

तिनं पट्टी उचलली.

पट्टीखाली रडवेले डोळे असणार, हे ती धरूनच चालली होती. मिटलेले ओठ बघून दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. पण डोळे हसत होते. ओठ मिटले होते ते हसू दाबायला. उघड्या खांद्यांची ती पोर, नवा किमोनो घातल्यासारखी ताठ उभी होती.

रडका चेहरा नेऊन दाखवता आला असता. त्यासाठी शब्द होते मिहोकडं, माफीचे. हा कसा न्यायचा?

तरी तिनं तो नेला.

म्हातारीनं चष्मा लावला. फोटो डोळ्यांजवळ नेला. काउंटरपलीकडं कुणीतरी पुस्तक परत करायला येऊन उभं राहिलं आणि दोघींकडं बघून तसंच मागं सरलं.

"हसतेय," तोकी म्हणाल्या.

"हो."

"उघडं करून उभं केलंय, आणि हसतेय."

म्हातारीनं चष्मा काढला, मिटला, आणि फोटोकडं न बघता हळू म्हणाली, "फोटो घरी पाठवायला काढतोय, असं सांगितलं असणार हिला."