गॅस न पेटवता
बाबा बेकरीत भट्टीवर असतात. उन्हाळ्यात घरी आले की वाफाळतं ताट बघूनच त्यांना घाम फुटतो आणि ते उपाशी झोपतात. म्हणून आज मी चक्क गॅस न पेटवता सूप केलं. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची मिक्सरमधून फिरवून, गाळून फ्रिजमध्ये ठेवली. "सूप कसलं, ही तर काकडीची आंघोळ," आई म्हणाली. "बघशीलच," मी म्हणाले. बाबा आले. मी थंडगार वाडगा पुढे केला. त्यांनी तो पोळलेल्या बोटांनी गालाला लावला, मग कपाळाला, आणि डोळे मिटून बसूनच राहिले. शेवटी मी म्हणाले, "बाबा, ते प्यायचं असतं." बाबांनी वाडगा तोंडाला लावला, तो तळ दिसेपर्यंत खाली ठेवलाच नाही. "पोटाचं झालं. आता कपाळासाठी एक आण." "तो मिळायचा नाही," आई म्हणाली. दुसरा वाडगा आधीच तिच्या कपाळावर होता.