मजबुतीचं दुखणं

"इमारत ठणठणीत आहे," तपासणीला आलेल्या इंजिनिअर सुमेधा म्हणाल्या आणि सोसायटीच्या सभेत सुतक पसरलं.

गंगापूर रोडवरच्या मधुमालती सोसायटीचे अध्यक्ष गोविंदराव यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. समोरच्या खुर्च्यांवरचे चेहरे उतरले होते. जुनी इमारत पडणार, नवी होणार, एक खोली जास्त मिळणार, म्हणून कोणी कोणी सोफासुद्धा बघून ठेवला होता.

"पण मॅडम, थोडीतरी खिळखिळी असेलच की," गोविंदराव अजिजीने म्हणाले. "माझ्या न्हाणीघरात ओल येते."

"मग नळ बदला. इमारत अजून चाळीस वर्षं कुठे जात नाही. आणि खरं सांगू? हिचं सिमेंट भाजताना, लोखंड गाळताना जो धूर व्हायचा तो कधीच होऊन गेला. ही पाडून चौदा मजले उभे कराल, तर तो सगळा धूर नव्याने. मग गच्चीवर कितीही सौर पॅनल लावा, भरपाई व्हायला जन्म जाईल."

नातेवाईक मृत्युपत्र वाचायला जमावेत आणि आजाऱ्याने उठून चहा मागावा, तसे सगळे एकमेकांकडे बघू लागले.

अडचण बँकेची होती. 'हरित इमारत' बांधतो, असं सांगून तरुण बिल्डर विश्वेशने बँकेकडे कमी व्याजाचं कर्ज मागितलं होतं. बँकेची अट एकच: धडधाकट इमारत पाडून नवी बांधणार असाल तर कर्ज नाही. विश्वेशला ही अट मनापासून पटली होती.

"काका, पर्यावरणासाठी आपली इमारत धोकादायक असायलाच हवी," तो गोविंदरावांना म्हणाला. "शहर वाढलं पाहिजे आणि कार्बनही घटला पाहिजे. समतोल साधायचा तर थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं."

मग दुसरा इंजिनिअर आला. त्याने गाडीची काच खाली करून इमारत पाहिली, काच वर केली आणि ती धोकादायक असल्याचं लिहून दिलं. सोसायटीत पेढे वाटले. अध्यक्ष म्हणून सही करताना गोविंदरावांनी मात्र पेनचं टोपण दोनदा काढून पुन्हा लावलं. ही इमारत उभी राहत होती तेव्हा ऑफिस गाठण्याआधी रोज सकाळी येऊन त्यांनी स्लॅबवर स्वतः पाणी मारलं होतं. पण सूनबाईंनी नव्या गॅलरीतल्या झोपाळ्याचा रंगही ठरवून टाकला होता. त्यांनी सही केली.

घरं रिकामी झाली. पाडायच्या दिवशी सगळे समोरच्या फुटपाथवर जमले. यंत्राने पहिला घाव घातला तेव्हा दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. दुपारपर्यंत पदर नाकावर गेले. जिना कोसळला, पुढचे तीन खांब गेले, पण चौथा काही केल्या हलेना. यंत्राची छिन्नी मोडली. नवी लावली, तीही मोडली. यंत्र जागेवरच गुरगुरत राहिलं आणि डिझेलचा काळा धूर विश्वेशच्या 'श्वास घ्या, निसर्गासोबत' अशा फलकावर बसत गेला.

गोविंदरावांची छाती मात्र इंचाइंचाने फुगत होती. शेजारी एक तरुण मुलगी उभी होती. तिने सहज विचारलं, "काका, फार मोडकळीला आली होती का हो?"

"मोडकळीला?" गोविंदरावांना ते सहनच झालं नाही. "अहो, रणगाडा आणला तरी हलायची नाही ती. या हातांनी पाणी पाजलंय तिला. इंजिनिअर बाई तर सांगून गेल्या, अजून चाळीस वर्षं बघायला नको. धोकादायक वगैरे सगळं कागदावर."

"मी मृण्मयी," मुलगी शांतपणे म्हणाली. "बँकेकडून पाहणीला आलेय."

संध्याकाळपर्यंत कर्ज अडकलं आणि काम थांबलं. सभासदांनी गोविंदरावांशी बोलणं टाकलं. भाड्याच्या घरात सूनबाई जेवायला वाढत, पण ताट जरा आपटून. गोविंदराव खाली मान घालून जेवत. आतून मात्र त्यांना फार दिवसांनी हलकं वाटत होतं. उशिरा का होईना, चुकून का होईना, आपण खरं बोललो. आपल्या खरेपणाने एक चांगली इमारत वाचली.

बँकेने आता स्वतःचा इंजिनिअर पाठवला. हा माणूस प्रामाणिक होता. तो गाडीतून उतरला, हेल्मेट घालून अर्धवट पाडलेल्या इमारतीभोवती फिरला, उरलेला प्रत्येक खांब त्याने तपासला आणि जे दिसलं तेच लिहिलं.

पुढच्या आठवड्यात विश्वेशचा फोन आला.

"काका, कर्ज मंजूर झालं," तो म्हणाला. "इमारत खरंच धोकादायक निघाली, वाचवण्यापलीकडची. आता तर खोटंही बोलावं लागलं नाही."