घड्याळ कोणाच्या मनगटावर

“काका, हे कुठून उचललं? फुटपाथवरून?”

खरेदी विभागाच्या साहेबांनी पेनाच्या टोकानं लॉन्ड्रीवाल्याच्या मनगटावरच्या घड्याळाला टिचकी मारली आणि स्वतःच हसले. “हल्ली काय हुबेहूब नकली बनवतात हो! लांबून बघितलं असतं तर मीसुद्धा फसलो असतो.”

लॉन्ड्रीवाल्यानं हात टेबलाखाली घेतला. जन्मात कधी घड्याळ न बांधलेला माणूस. दिवसभर कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात हात. तिथे घड्याळ कसलं बांधणार? ब्लीचनं बोटांची कातडी पांढुरकी पडलेली, नखांच्या कडा खाल्ल्यासारख्या. अशा हातावर ते जाडजूड, चकचकीत घड्याळ परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं अवघडून बसलं होतं. ते त्याचं नव्हतंच. मघाशी लिफ्टमध्ये मेहुण्यानं, बायकोच्या धाकट्या भावानं, आपल्या हातातून काढून त्याच्या हातात चढवलं होतं. “भाऊजी, मालक तुम्ही. एवढ्या मोठ्या हॉटेलात आधी मनगट बघतात, तोंड नंतर. राहू द्या, अंगाला टोचत नाही ते.”

मेहुणा आता शेजारच्याच खुर्चीत बसला होता. निळा कोट, कडक इस्त्री. इस्त्री अर्थात भाऊजींच्याच लॉन्ड्रीतली.

वर्षभराचं काम होतं, हॉटेलच्या सगळ्या चादरी आणि टॉवेल धुण्याचं. नमुन्याला धुऊन दिलेल्या चादरी पसंत पडल्या होत्या. करार छापून टेबलावर ठेवलेला, फक्त सह्या राहिलेल्या. आणि तिकडे लॉन्ड्रीत निम्मी यंत्रं थंड पडली होती. हे काम हातचं गेलं, तर आठवड्याभरात बायकांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायची पाळी होती. सकाळी निघताना इस्त्रीवरची मावशी दारापर्यंत आली होती. “दादा, हो म्हणवूनच या बरं का.”

तिच्या त्या शब्दाखातर लॉन्ड्रीवाल्यानं तो फुटपाथ गिळला. कडू गोळी पाण्यावाचून गिळावी तसा.

मेहुण्याला मात्र राहवलं नाही. “घड्याळ माझं आहे,” तो म्हणाला. “जहाजावर असतो मी. तिकडे बंदरात घेतलंय. शोरूममधून.”

“तुमचं?” साहेब खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसले. “असं सांगा ना, सर! मग ओरिजिनलच असणार. तरीच! काट्याची चाल बघूनच माझ्या मनात आलं होतं.”

आता बघा. घड्याळ तेच. मनगटही अजून तेच. मधे एक वाक्य काय ते गेलं, आणि तेवढ्यात त्या घड्याळाला कूळ मिळालं, घराणं मिळालं. ज्या हातावर ते होतं, त्याला मात्र काहीच मिळालं नाही.

लॉन्ड्रीवाल्याची कानशिलं तापली.

“बघू,” म्हणत साहेबांनी तळवा पुढे केला. हात लॉन्ड्रीवाल्यापुढे, डोळे मेहुण्याकडे. खुंटीवरचा टॉवेल ओढून घ्यावा, खुंटीला कोण विचारतं!

“द्या ना भाऊजी, एक मिनिट,” मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला.

लॉन्ड्रीवाल्याला त्या पट्ट्याची कळ सापडेना. जाड बोटं दोनदा घसरली. साहेब थांबले, पण थांबल्याचं सगळ्यांना कळेल असे थांबले. घड्याळ हातात येताच त्यांनी आपलं काढून टेबलावर ठेवलं, हे चढवलं, बाही मागे सारली आणि मनगट खिडकीच्या उजेडात या अंगानं त्या अंगानं फिरवलं.

“कसं दिसतं, सर? वस्तूला माणूसही तसा लागतो हो. नाहीतर मघाशी बघा ना,” त्यांनी लॉन्ड्रीवाल्याकडे नुसती हनुवटी हलवली, “मला काय वाटलं!”

“आता नकली दिसतंय,” लॉन्ड्रीवाला म्हणाला.

आवाज चढला नव्हता. पण उजेडात फिरणारं साहेबांचं मनगट जागच्या जागी थांबलं.

“काय म्हणालात?”

“मला कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. तुमच्या हातात ते नकली दिसतंय.”

साहेबांनी करार उचलला, खण उघडला, आत टाकला, खण लावला. “कळवू,” ते म्हणाले. ना सर, ना काका.

लिफ्टचं दार मिटलं आणि मेहुण्याचं तोंड सुटलं. “काय केलंत हे भाऊजी! वर्षाचं काम घालवलंत! दोन मिनिटं तोंड मिटून बसवलं नाही तुम्हाला? आता त्या बायकांना काय सांगणार? त्यांच्या चुली काय तुमच्या ताठ्यावर पेटणार आहेत?”

हे मात्र नेमकं वर्मी बसलं. लॉन्ड्रीवाल्यानं दाराच्या फटीवर नजर लावली. मावशीपुढे उभं कसं राहायचं, ते त्याला कळत नव्हतं. राग अजून उतरला नव्हता. आता तो निम्मा स्वतःवरच उलटला होता. पण बोललेला शब्द परत घ्यावासा वाटतोय का, असं त्यानं मनाला विचारून पाहिलं, तर मन काही हो म्हणेना.

खाली दारवानापाशी मेहुणा एकदम थबकला. कोटाची बाही वर करून रिकाम्या मनगटाकडे बघत राहिला.

“घड्याळ! भाऊजी, घड्याळ त्याच्याच हातात राहिलं की! मी नाही आता त्याचं तोंड बघायला जाणार. तुम्ही घोळ घातलाय, तुम्हीच जाऊन घेऊन या.”

लॉन्ड्रीवाला पायरीवरच उभा राहिला.

“मी मागायला गेलो, तर चोर ठरेन,” तो म्हणाला. “तू जा.”